हायस्कूल कॉलेजसाठी नव्हतेच: अमेरिकेतील प्रवेशतयारीची पार्श्वभूमी

अमेरिकेत नववी ते बारावी म्हणजे हायस्कूल आणि त्यानंतर कॉलेज. तिथे कॉलेजला जायचे असेल तर अकरावीचे वर्ष सगळ्यात जड जाते. अर्ज बारावीच्या पहिल्या काही महिन्यांतच भरायचे असतात आणि तेव्हा कॉलेजसमोर अकरावीपर्यंतचेच पूर्ण गुण असतात. त्यामुळे अवघड विषय, एसएटी ही कॉलेज प्रवेशासाठीची सामायिक परीक्षा, शिफारसपत्रासाठी शिक्षकांची निवड असे सगळे त्याच वर्षात येऊन पडते. ही रीत जुनी वाटते खरी, पण सार्वजनिक हायस्कूल सुरू झाले ते मुळात कॉलेजला न जाणाऱ्या मुलांसाठी.

कॉलेजला जाणाऱ्यांची सोय आधीपासून वेगळी होती. 1640च्या दशकातल्या हार्वर्डच्या नियमांप्रमाणे सिसेरोसारखा प्राचीन लॅटिन लेखक समोर ठेवताच वाचता आला, लॅटिनमध्ये गद्य-पद्य रचता आले आणि ग्रीक नामे व क्रियापदे बिनचूक चालवता आली, की मुलाला प्रवेश मिळे. ही तयारी 1635 साली निघालेल्या बोस्टन लॅटिन स्कूलसारख्या शाळा किंवा घरी येणारे शिक्षक करून घेत. पुढे 1821 मध्ये त्याच बोस्टनने पहिले सार्वजनिक हायस्कूल काढले, ते व्यापार आणि कारागिरीकडे वळणाऱ्या मुलग्यांसाठी. तिथे लॅटिन-ग्रीक नव्हते. इंग्रजी, गणित, भूगोल, जमीनमोजणी असे रोजच्या कामाचे विषय होते.

अशा हायस्कुलांतली मुलेही हळूहळू कॉलेजकडे वळू लागली आणि गोंधळ सुरू झाला. मिशिगन विद्यापीठाने 1871 पासून वेगळी वाट धरली. तिथले प्राध्यापक शाळेत जाऊन शिकवणे तपासत आणि शाळा पसंत पडली तर तिथून उत्तीर्ण झालेल्या मुलांना परीक्षेविना प्रवेश मिळे. पूर्वेकडच्या कॉलेजांत मात्र ज्याची त्याची परीक्षा आणि ज्याची त्याची पुस्तके. एकाच वर्गातली चार मुले चार कॉलेजांना जाणार असतील तर शिक्षकांनी शिकवायचे तरी काय?

हा गुंता सोडवायला 1892 मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या अध्यक्षतेखाली दहा जणांची समिती नेमली गेली. तिने सांगितले की मूल कॉलेजला जाणार असो वा नसो, जो विषय ते शिकेल तो सगळ्यांना सारखाच शिकवावा. शालेय शिक्षणाचा मान राखणारे इतके स्पष्ट विधान मला या सगळ्या इतिहासात दुसरे दिसत नाही. पुढे कॉलेजांनी मिळून कॉलेज बोर्ड स्थापन केले आणि जून 1901 मध्ये पहिली सामायिक लेखी परीक्षा झाली. तिला 973 विद्यार्थी बसले होते.

शाळेचे वेळापत्रक मात्र ठरले ते एका पेन्शन योजनेमुळे. पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी 1905 मध्ये प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी 1 कोटी डॉलर दिले. त्याचा लाभ कोणत्या कॉलेजांना द्यायचा, हे ठरवताना प्रवेशासाठी हायस्कूलची किमान 14 'युनिट' मागणारी संस्थाच कॉलेज मानायची, अशी अट आली. युनिट म्हणजे एका विषयाचा वर्षभरात सुमारे 120 तासांचा अभ्यास. प्राध्यापकांना पेन्शन हवी होती, म्हणून कॉलेजांनी अट मान्य केली. मुलांना प्रवेश हवा होता, म्हणून शाळांनी तासिका तशा बसवल्या. किती वर्षे गणित, किती वर्षे विज्ञान ही आजची मोजणी तिथूनच आलेली आहे. मूल किती शिकले यापेक्षा किती तास बसले हे त्यात मोजले गेले, आणि ते नुकसान अजून भरून निघालेले नाही.

1926 मध्ये एसएटी आली: 97 मिनिटे आणि 315 प्रश्न. ती घडवणारे कार्ल ब्रिगम यांनी 1923 मध्ये वंशांची बुद्धी कमी-जास्त असते असे मांडले होते. 1930 मध्ये त्यांनी स्वतःच ते निष्कर्ष निराधार ठरवले. 1930च्या दशकात हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी दूरच्या, साध्या शाळांतली हुशार मुले शिष्यवृत्तीसाठी हेरायला ही परीक्षा वापरली. हेतू चांगलाच होता. पण परीक्षा सर्वत्र पसरल्यावर तिची तयारी हाच एक धंदा झाला आणि शिकवणीचे पैसे भरू शकणाऱ्यांना त्याचा फायदा मिळू लागला.

1957 मध्ये सोव्हिएत संघाचा स्पुतनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह अवकाशात गेला आणि अमेरिका हादरली. पुढच्याच वर्षी झालेल्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने हुशार मुले शोधण्यासाठी चाचण्यांना आणि शाळांतल्या समुपदेशकांना निधी दिला. 'पुढे काय करणार?' हे विद्यार्थ्याला शाळेतच विचारणारा माणूस त्यामुळे गावोगावी पोहोचला. त्याच दशकात कॉलेजच्या पातळीचे एपी अभ्यासक्रम हायस्कुलात आले. आज अनेक मुलांची अकरावी-बारावी त्यांनीच भरलेली असते.

2020 च्या महामारीत बहुतेक कॉलेजांनी एसएटीची सक्ती उठवली. एमआयटीने 2022 मध्ये ती परत आणली, नंतर आणखी काहींनीही आणली. परीक्षा नसेल तिथे मुलाने कोणते अवघड विषय घेतले याचे वजन वाढते. पण अमेरिकेतल्या अनेक हायस्कुलांत कॅल्क्युलस हा गणितातला वरच्या पातळीचा विषय शिकवतच नाहीत. तिथल्या मुलीने तो विषय घेतला नाही म्हणून तिची तयारी कमी कशी धरायची, हा पेच प्रवेश देणाऱ्यांना अजून सुटलेला नाही.