रविवारी जिम बंद का असते?

"फी पूर्ण महिन्याची घेता, मग रविवारी कुलूप का?" हा प्रश्न काउंटरवर दर आठवड्याला येतो. कुणी चेष्टेत विचारतं, कुणी जरा तावातावानं. तोंडी सांगून सांगून आमचा घसा बसला, म्हणून हे पत्रक. घरी न्या, चहा पिता पिता वाचा.

सुरुवातीला आम्हीही सातही दिवस शटर उघडत होतो. सगळ्यात जास्त गर्दी रविवारीच व्हायची. आठवडाभर न फिरकलेली मंडळी छाती, पाठ, खांदे, पाय असं सगळं एका सकाळी उरकायची. सोमवारी त्यांतलं कुणी दिसायचं नाही आणि मंगळवारी कठडा धरून, तिरकी तिरकी जिना चढत यायची. दोन-चार जणांचे खांदे दुखावल्यावर आम्ही रविवार बंद केला. धंद्याच्या दृष्टीनं तोटाच झाला, हे मान्य.

ताकद येते कधी?

वजन उचलताना स्नायूंच्या तंतूंवर ताण येतो आणि काही ठिकाणी अगदी बारीक इजा होते. म्हणजे तास-दीड तास घाम गाळून तुम्ही बाहेर पडता, तेव्हा आत येताना होतात त्यापेक्षा अशक्त असता. पटत नसेल तर पायांचा व्यायाम करून जिना उतरणाऱ्याचे गुडघे बघा. पुढचं काम शरीर नंतर करतं. इजा झालेली जागा भरून काढतं आणि पुन्हा तेवढाच ताण आला तर निभावेल एवढी भर घालतं. ही डागडुजी साधारण 24 ते 48 तास चालते. संपलेलं इंधन, म्हणजे स्नायूंत साठवलेली साखर, भरून यायलाही नीट जेवलात तर जवळपास एक दिवस जातो. म्हणून तुमच्या कार्डावर सोमवारी पाय असतील, तर पुन्हा पाय गुरुवारी येतात. मंगळवारी गुपचूप स्क्वॉटच्या रॅककडे जाणाऱ्याला आमचा ट्रेनर परत पाठवतो, त्यामागचं कारण हेच आहे.

यात एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. स्नायू हाडाला ज्या दोरीनं बांधलेला असतो ती कंडरा. तिला रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे ती स्नायूपेक्षा बरीच सावकाश मजबूत होते. नव्या सभासदाला दोन-तीन महिन्यांत अंगात जोर आल्यासारखा वाटतो, वजनं भराभर चढतात आणि नेमकं त्याच सुमारास कोपर किंवा गुडघा कुरकुरायला लागतो. स्नायू पुढे गेलेला असतो, दोरी मागे राहिलेली असते. अशा वेळी आम्ही वजन वाढवू दिलं नाही, तर रागावू नका.

यवतेश्वरचा उतार

सातारा हिल हाफ मॅरेथॉन 2012 साली सुरू झाली आणि तेव्हापासून आपल्या गावात पळणारे वाढले. दरवर्षी पावसाळ्यात आमचे निम्मे सभासद घाटात दिसतात. 21 किलोमीटरच्या या शर्यतीत आधी यवतेश्वरचा घाट चढायचा आणि मग तोच उतरायचा. सगळ्यांना धास्ती चढाची असते. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, संडासात बसताना देव आठवतो, तो प्रताप उताराचा.

चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन अडवून धरतो, म्हणजे ब्रेकचं काम करतो. या प्रकारच्या कामात तंतूंना सगळ्यात जास्त इजा होते. दुखणं लगेच जाणवत नाही. साधारण 24 ते 72 तासांत ते जोरात असतं आणि मग आपोआप ओसरतं. "लॅक्टिक ॲसिड साठलंय" असं अजूनही सर्रास म्हटलं जातं, पण व्यायामात तयार झालेलं लॅक्टेट तासाभरात निघून जातं. परवाच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही. तेव्हा ते "मोडायला" म्हणून दुखऱ्या मांड्यांनी शंभर बैठका मारू नका.

उताराची सवय मात्र करून घेता येते. शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी एकदा बेतानं उतरून पळालात, तर पुढचे काही आठवडे तोच उतार कमी दुखतो. शेवटचे दोन आठवडे पळण्याचं एकूण अंतर हळूहळू निम्म्यावर आणा, वेग तेवढाच ठेवा. याच दिवसांत "सराव कमी पडतोय" असं वाटून माणूस जास्त पळतो. हे पत्रक लिहिणाऱ्यानं तेच केलं होतं. लागोपाठ अकरा दिवस घाट चढला आणि शर्यत नडगीला बर्फ लावून, रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजवत पाहिली.

झोप

वाढीचं संप्रेरक रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत सगळ्यात जास्त सुटतं. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी. पाच तास झोपून सकाळी साडेपाचला येणाऱ्यांचं आम्हाला कौतुक आहे, पण रोज तसंच होत असेल तर आठवड्यातून दोन दिवस गजर बंद ठेवा आणि संध्याकाळच्या बॅचला या.

एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. पाळी सुटल्यावर थेट जिमला येऊ नका. आधी घरी जाऊन झोपा, मग दुपारनंतर या. पाळी बदलते तो आठवडा हलका ठेवा. कार्डावर आम्ही तशी खूण करून देऊ. आणि संध्याकाळी सात-आठला प्री-वर्कआउट पिणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की त्यातल्या कॅफिनपैकी निम्मं पाच-सहा तासांनीही अंगात असतं. मग रात्री एक वाजता छताकडे बघत बसावं लागतं.

कोल्हापूरच्या तालमींत दिवसाची आखणी पाहिली, तर पहाटेची मेहनत, मग खुराक, मग दुपारची ताणून झोप आणि संध्याकाळी पुन्हा आखाडा. दुपारी झोपलेल्या पैलवानाला वस्ताद आळशी म्हणत नाही. आयुर्वेदातही व्यायाम अर्ध्या शक्तीनं करावा असं सांगितलंय. आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा हळद-लोण्यानं मळतात, त्याला कामाला जुंपत नाहीत. आपण सभासदाला तेवढी तरी सवलत द्यावी, असं आमचं मत आहे.

विश्रांतीच्या दिवशी काय करायचं?

दिवसभर पलंगावर पडून राहायची गरज नाही. सपाट रस्त्यानं अर्धा तास चाला, घरकाम करा, मुलांबरोबर खेळा. हालचालीनं अंग मोकळं होतं. अजिंक्यतारा चढणं मात्र यात येत नाही! तो व्यायामच आहे.

दोन सेटमधली विश्रांतीही याच हिशेबात धरा. जड वजनाच्या स्क्वॉट किंवा डेडलिफ्टनंतर दोन ते तीन मिनिटं, दंडासारख्या छोट्या स्नायूंना मिनिट-दीड मिनिट पुरे. बेंचवर बसून रील बघण्याची वीस मिनिटं यात धरू नयेत, मागे माणसं ताटकळत उभी असतात.

साधारण सहा ते आठ आठवड्यांनी एक आठवडा वजनं आणि सेट दोन्ही कमी करतो. त्या आठवड्यात "आज काहीच झालं नाही" असं वाटेल. वाटू द्या.

तुमचा गुरुवारचा किंवा चतुर्थीचा उपवास असेल, तर हलका दिवस त्याच दिवशी घ्या; काउंटरवर सांगितलं की बदलून देतो. निर्जळी उपवासात ट्रेडमिलवर चढू देणार नाही. खाण्याबद्दल इतर दिवशी एकच म्हणणं: उसळ, डाळ, अंडी, दूध, दही यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात असू द्या. डागडुजीला वीट-सिमेंट तिथूनच येतं.

विश्रांती किती झाली की जास्त?

लग्नासाठी आठवडाभर गावाला गेलात तर ताकद वाहून जात नाही. दोन-तीन आठवड्यांच्या खंडातही ती बऱ्यापैकी टिकते, दम मात्र आधी कमी होतो. परत आल्यावर पहिले दोन दिवस हलक्या वजनानं करा.

मधुमेह असलेल्यांचं गणित निराळं आहे. व्यायामानं साखर वापरण्याची शरीराची क्षमता सुधारते, पण तो परिणाम एक-दोन दिवसच राहतो. त्यामुळे त्यांनी लागोपाठ दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा करू नये. रविवारी आम्ही बंद असलो तरी चालायला रस्ता उघडाच असतो.

या खुणा दिसल्या तर थांबा

सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मनगटावर नाडी मोजायची सवय लावा. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त, असं तीन-चार दिवस दिसलं, झोप लागेना, चिडचिड होतेय, नेहमीचं वजन जड वाटतंय, तर दोन दिवस येऊ नका. ताप असताना तर अजिबात नको.

दोन्ही मांड्या सारख्याच दुखत असतील तर काळजी नसते. एकाच सांध्यात, बोट ठेवून दाखवता येईल अशी कळ येत असेल आणि वॉर्मअपनंतर ती वाढत असेल, तर ट्रेनरला सांगा. खूप कडक व्यायामानंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, स्नायू सुजले, तर आम्हाला फोन करण्यात वेळ घालवू नका, थेट डॉक्टरकडे जा. फार मोडलेल्या स्नायूंतले घटक रक्तात उतरून मूत्रपिंडांवर ताण आणतात आणि त्यात उशीर महागात पडतो.

या महिन्यापासून प्रत्येकाच्या कार्डावर 'झोपेचे तास' आणि 'सकाळची नाडी' असे दोन नवे रकाने छापले आहेत. जुनं कार्ड काउंटरवर देऊन नवं घेऊन जा. पेन सोबत आणा, आमची पेनं परत येत नाहीत.