लॉक वायर: बोल्टच्या डोक्यातली तार आली कुठून?

जुन्या विलीज जीपची ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलकडे वाटणारी पेटी, उघडली की शाफ्टवर बसवलेले शिफ्टर फोर्क, म्हणजे गिअर सरकवणारे काटे, दिसतात. प्रत्येक फोर्क एका आखूड स्क्रूने शाफ्टला धरलेला असतो. त्या स्क्रूच्या डोक्यात आरपार भोक असतं आणि भोकातून ओवलेली तार फोर्कभोवती घेऊन, पीळ देऊन बांधलेली असते. मी पहिल्यांदा अशी केस उघडली तेव्हा एका फोर्कवर नीट पिळलेली कडक तार होती. दुसऱ्यावर मात्र कोणीतरी बांधकामात सळया बांधायची काळी मऊ तार गुंडाळली होती. पकडीने नुसती धरली तर तुटली. खालचा स्क्रू दोन आटे बाहेर आलेला, फोर्क शाफ्टवर सरकत होता. पुढचा अ‍ॅक्सल का लागत नाही म्हणून महिनाभर आम्ही लिंकेज, म्हणजे लिव्हरला जोडलेले दांडे, तपासत बसलो होतो, त्याचं कारण हे होतं.

तेव्हापासून या तारेचा इतिहास मी गोळा करतो आहे.

बोल्ट आवळला की तो अगदी किंचित ताणला जातो, आणि परत आखडायच्या त्या ओढीने दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. पान्यावर आपण लावलेल्या जोरापैकी साधारण नव्वद टक्के जोर डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणातच जातो. बोल्ट ताणायला उरतो तो दहाएक टक्के. पण हेच घर्षण बोल्टला जागेवर ठेवतं. १९६९ साली गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवून दिलं की जोडलेले भाग आडवे, म्हणजे बोल्टच्या अक्षाला काटकोनात, सरकायला लागले की हे घर्षण तेवढ्यापुरतं नाहीसं होतं आणि बोल्ट आपोआप उलटा फिरू लागतो. आपल्याकडे गॅरेजमध्ये ज्याच्यावर सगळ्यांचा भरवसा, तो स्प्रिंग वॉशर इथे कामाला येत नाही. नासाच्या १९९०च्या फास्टनर पुस्तिकेत तर स्पष्टच म्हटलं आहे की पूर्ण आवळल्यावर तो सपाट होतो आणि साध्या वॉशरसारखाच उरतो.

युंकरच्या कितीतरी आधी कारागिरांना हा त्रास ठाऊक होता. नोव्हेंबर १९०३ मध्ये किटी हॉक इथे राइट बंधूंच्या विमानाच्या प्रोपेलर शाफ्टवरची चेनचक्रं इंजिनच्या हादऱ्यांनी सारखी सैल होत होती. नट कितीही आवळा, उपयोग नाही. शेवटी त्यांनी सायकलचे टायर चिकटवायचं सिमेंट आट्यांत ओतलं आणि चक्रं बसली ती बसलीच. १७ डिसेंबरचं उड्डाण झालं त्यात सायकलवाल्याच्या या डिंकाचाही वाटा आहे, असं मला मनापासून वाटतं.

पण सिमेंट लावलेला नट पुन्हा खोलायचा कसा? वारंवार उघडायच्या जागी ते चालत नाही. तिथे खीळ हवी. बैलगाडीच्या आखाच्या टोकाला असते तशी. दशरथाच्या रथाची खीळ निखळली तेव्हा कैकेयीने तिथे आपला हात घातला, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. खीळ चाक आवळून धरत नाही, ती फक्त चाक निसटू देत नाही. खाचांचा नट आणि त्यातून आरपार घालून टोकं वाकवायची कॉटर पिन हे त्याच खिळीचं पुढचं रूप. आणि जिथे नट नसतो, बोल्ट थेट आंधळ्या, म्हणजे आरपार नसलेल्या, भोकात जातो, तिथे त्याच्या डोक्यात भोक पाडून तार आली.

ही युक्ती विमानाची की मोटारीची, या वादात मला अर्थ दिसत नाही. पहिल्या महायुद्धातलं अमेरिकेचं लिबर्टी इंजिन पॅकार्ड, लिंकन, फोर्ड अशा मोटार कारखान्यांतच बनत होतं. हात तेच होते. फोर्डच्या मॉडेल ए गाडीत (१९२७ ते १९३१) फ्लायव्हीलचे आणि डिफरन्शियलच्या क्राउनचे (मागच्या अ‍ॅक्सलमधल्या मोठ्या दातेरी चक्राचे) बोल्ट तारेने बांधलेले सापडतात. मुंबईत फोर्डची जुळणी १९२६ला आणि जनरल मोटर्सची शिवडीला १९२८ला सुरू झाली. पुढे वालचंद हिराचंदांनी १९४०मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी केली आणि १९४४मध्ये मुंबईची प्रीमियर ऑटोमोबाइल्स. विमान आणि मोटार एकाच माणसाच्या डोक्यात शेजारी शेजारी होती.

विमानाला रस्त्याच्या कडेला थांबता येत नाही, म्हणून तारेचे काटेकोर नियम तिथेच झाले. तार बोल्टला आवळण्याच्या दिशेनेच ओढणारी हवी. नेहमीची जाडी ०.०३२ इंच, म्हणजे जेमतेम ०.८ मिलिमीटर. दोन पदर एकमेकांवर पिळायचे, इंचाला सहा ते आठ पीळ. टोक आत वळवायचं, नाहीतर पुढच्याचा हात फाटतो. एकदा काढलेली तार पुन्हा वापरायची नाही. आणीबाणीच्या खटक्यांवर मात्र मुद्दाम बारीक तांब्याची तार लावतात. गरज पडली की ती सहज तुटावी, आणि तुटलेली दिसली की कोणीतरी खटका वापरलाय हे कळावं. रिक्षाच्या मीटरला तार आणि सील असतं, त्याचा हेतूही तोच, साक्ष राहावी.

दरम्यान डिंक परत आला. अमेरिकेत हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे व्हर्नन क्रिबल यांनी १९५३मध्ये हवा बंद झाली की घट्ट होणारा द्रव तयार केला. लॉकटाइट हे त्याचं नाव त्यांच्या सूनबाई नॅन्सी यांनी सुचवलं. नवीन मोटारींतली बरीचशी तार या बाटलीने आणि नायलॉनच्या नटांनी घालवली. शर्यतीच्या मोटारसायकलींवर ती टिकून आहे. ऑइलचा ड्रेन बोल्ट तारेने बांधलेला आहे की नाही, हे तपासणीसाला दुरूनही दिसतं. द्रव आत लावलाय का, हे बाहेरून कोण सांगणार?

जुनी गाडी उभी करताना मला म्हणूनच तार जवळची वाटते. सत्तर वर्षं तेल प्यायलेले आटे तो द्रव धरेल इतके स्वच्छ करणं कठीण असतं. तारेचं त्यावाचून अडत नाही. पण तिच्याकडून नको ती अपेक्षाही करू नये. आधी बोल्ट योग्य टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळून, बसायला हवा, मग तार. सैल बोल्टला तार बांधली तर तो सैलच राहतो, फक्त पडत नाही.

त्या जीपचे दोन्ही स्क्रू मी नवे घातले, स्टीलची ०.८ची तार ओवली, पहिल्या खेपेला उलट्या बाजूने गेली म्हणून कापून परत ओवली. वरच्या झाकणाच्या बोल्टच्या डोक्यांत भोकं नव्हती. तिथे ड्रिल लावला नाही. कारखान्याने दिले होते तसेच वॉशर घालून आवळले.