पार्श्वभूमी: विदर्भातली ‘लाईन’ कुठून आली?

पुण्या-मुंबईकडे लाईट जाते. विदर्भातल्या खेड्यात लाईन जाते. “लाईन आली काय गा?” असं कोणी पारावर विचारलं, तर तो विजेबद्दल विचारतो आहे हे सांगावं लागत नाही. पण त्याच माणसाचं वावर ‘लाईनीच्या पल्याड’ असतं, म्हणजे रूळ ओलांडून. भाऊ पोलीस लाईनीत राहतो, पोरगी बारावीला सायन्स लाईन घेते आणि खताच्या दुकानापुढे तो स्वतः तासभर लाईनीत उभा राहतो. एवढ्या अर्थांत घोटाळा कोणाचाच होत नाही, कारण हे अर्थ गावानं शब्दकोशातून घेतलेले नाहीत. एकेक वस्तू गावात आली आणि आपला अर्थ सोबत घेऊन आली.

इंग्रजीत हा शब्द लॅटिनमधून गेला. लिनुम म्हणजे जवस आणि जवसाच्या खोडातल्या वाखाचा धागा म्हणजे लिनेआ. धाग्यावरून दोरी, ताणलेल्या दोरीवरून रेघ, रेघेवरून ओळ, रांग, वाट असा अर्थ सरकत गेला. कपड्याला आतून लिननचं कापड लावत, म्हणून अस्तराला लायनिंग म्हणू लागले. तालुक्याच्या शिंप्याकडे ब्लाऊज टाकताना तोच शब्द चालतो. सगळ्यात जुना अर्थ मात्र गवंड्याकडे टिकला आहे. विटांचा थर सरळ यावा म्हणून तो जी बांधतो ती लाईनदोरी.

गंमत अशी की जवस हे विदर्भाचं जुनं पीक. इथे ते वाखासाठी नाही, तेलासाठी आणि चटणीसाठी पेरतात. भंडारा-गोंदियाकडे उभ्या धानात, कापणीआधी ओल असताना, लाखोळीच्या डाळीसारखंच जवसाचं बीही फेकून पेरतात. उतेरा म्हणतात त्याला. म्हणजे ज्या झाडानं जगाला ‘लाईन’ दिली, ते आपल्याकडे उतेऱ्यात लाईनीत पेरतच नाहीत!

विदर्भात हा शब्द बहुधा आधी फौजेबरोबर आला. १८१७च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांनी १८२१मध्ये कन्हानकाठी कामठीची छावणी वसवली. छावणीत शिपायांच्या बराकी रांगेनं असत, त्यांना लाईन्स म्हणत. त्याच वळणावर मुलकी साहेबांच्या वस्तीची सिव्हिल लाईन्स झाली आणि पोलिसांच्या चाळींची पोलीस लाईन.

मग रेल्वे. मुंबई-ठाणे गाडी १८५३ची. रूळ नागपूरला पोचले १८६७मध्ये. मधल्या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस अडला होता आणि वऱ्हाडाच्या कापसाकडे साहेबाची नजर लागली होती. खामगाव आणि अमरावतीचे फाटे त्या कापसापायीच पडले. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला आणि नागपूर-नागभीड अशा अरुंद रुळांच्या गाड्या धावू लागल्या आणि लोकांनी सरळ वाटणी केली: मोठी लाईन, छोटी लाईन. नागभीडची छोटी लाईन २०१९मध्ये मोठी करण्यासाठी बंद झाली.

कापडाची लाईन, किराण्याची लाईन हा धंद्याचा अर्थ इंग्रजीतूनच तयार मिळाला. ‘लाईन मारणे’ मात्र आपली देशी कमाई. त्याबद्दल इथे जास्त बोलायला नको.

खरी वैदर्भीय गोष्ट विजेची. १९६०मध्ये राज्याचं वीज मंडळ झालं, १९६९मध्ये केंद्राचं ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ आलं, आणि त्यानंतरच्या वर्षांत खांब वावरावावरांतून विहिरींपर्यंत गेले. वीज दिसत नाही, तार दिसते. तारेची ती लाईन, म्हणून तिच्यातून येणारीही लाईनच. मग तिला गुणदोषही चिकटले: लाईन डिम आहे, लाईन झटके मारते, लाईन टिकत नाही. डीपीवरचा, म्हणजे गावाच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, एक फ्यूज उडाला की काही घरांतला बल्ब पेटतो आणि मोटार मात्र नुसती हुंकारते. तेव्हा “लाईन हाय, पन थ्री फेज नाही” हे निदान दहावी न झालेला माणूसही अचूक करतो. गावठाणाचे फीडर, म्हणजे उपकेंद्रातून वीज आणणाऱ्या तारा, शेतीपासून वेगळे काढल्यावर आणखी एक भेद आला: “गावातली हाय, वावरातली नाही.” शेतीची पाळी रात्रीची असेल तर हरभऱ्याला पाणी द्यायला थंडीत, साप-विंचवाच्या भरवशावर जावं लागतं, आणि तिथे पोचल्यावर लाईन जाते.

कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस ही औष्णिक केंद्रं विदर्भातच आहेत. त्यामुळे ‘टॉवर लाईन’ हा शब्द इथे जरा कडवटपणे उच्चारला जातो. वावराच्या डोक्यावरून उच्च दाबाच्या तारा गेलेल्या आणि विहिरीवर जोडणीची वाट बघणं चालू, अशी शेतं शोधायला लांब जावं लागत नाही. त्यांचा राग मला रास्तच वाटतो.

सरकारी मराठीला हा शब्द कधी रुचला नाही. फीडर तिथे ‘वाहिनी’ असतो आणि लाईनमन ‘तंत्रज्ञ’, हल्ली ‘जनमित्र’. मोबाईलवर ‘वाहिनीच्या देखभालीसाठी वीजपुरवठा बंद राहील’ असा संदेश येतो. तो वाचणारा बायकोला सांगतो, “उद्या लाईन नाही रायत, दळन आजच आनून घे.”