सह्यांचे टक्के

मुंबईतल्या एखाद्या वस्तीत पुनर्विकासाची कुणकुण लागली की नळावर दोनच प्रश्न फिरतात. घर केवढं मिळणार, आणि संमती किती झाली? चाळीस झाली, अजून अकरा हवीत, असं टक्क्यांत उत्तर येतं. घर कसं हवं, कितव्या मजल्यावर चालेल, खालच्या गाळ्यात चालणाऱ्या धंद्याचं काय, हे लिहायला संमतीपत्रावर जागा नसते. पात्र माणसाचं नाव, झोपडीचा क्रमांक, सही किंवा अंगठा. लोकांचं मत एवढ्याशा कागदावर कसं आलं, त्याची ही गोष्ट.

सुरुवातीला विचारण्याची पद्धतच नव्हती. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये मुंबईत सुधार ट्रस्ट स्थापन झाला. त्यानं दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले, चाळीही बांधल्या. पाडायचं काय आणि बांधायचं काय, हे वरच ठरायचं. स्वातंत्र्यानंतरही यात फार फरक पडला नाही. 4 जानेवारी 1976 रोजी सरकारनं एकाच दिवशी शहरातल्या झोपड्यांची गणना केली आणि गणना झालेल्यांना फोटोपास, म्हणजे झोपडीची नोंद दाखवणारं ओळखपत्र, दिले. त्याच वर्षी ट्रॉम्ब्याच्या जनता कॉलनीतल्या हजारो कुटुंबांना उठवून चीता कॅम्पात नेण्यात आलं. त्या कॉलनीसाठी लढणारे जोकिन अर्पुथम पुढे देशभरातल्या झोपडपट्टीवासीयांचे नेते झाले.

जुलै 1981 मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फुटपाथवरच्या लोकांना शहराबाहेर घालवण्याची घोषणा केली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. महापालिकेच्या 1888 च्या कायद्यात कलम 314 होतं. अतिक्रमण नोटीस न देता हटवण्याची मुभा त्यात होती. याच खटल्यातल्या 1985 च्या ओल्गा टेलिस निकालाची आठवण निघते ती ‘उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग’ या वाक्यासाठी. पण न्यायालयानं आणखी एक गोष्ट सांगितली होती: मुभा आहे म्हणून ती सर्रास वापरायची नाही, उठवण्याआधी माणसाचं म्हणणं ऐकायचं. फुटपाथवाल्यांना घरं या निकालानं दिली नाहीत, पावसाळ्यापुरती मुदत मिळाली. तरी ‘आधी ऐका’ हे तत्त्व झोपडीलाही लागू झालं, आणि माझ्या मते पुढच्या संमतीच्या कलमांना बळ मिळालं ते इथूनच.

त्याच सुमारास भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायका वेगळंच काही करत होत्या. 1984 मध्ये सुरू झालेली ‘स्पार्क’ ही संस्था त्यांच्यासोबत होती, आणि थोड्याच काळात ‘महिला मिलन’ ही त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. आपल्याला घर कसं हवं, हे त्या ठरवायला बसल्या. मापाला टेप नव्हता. अंगावरची साडी होती आणि तिची लांबी-रुंदी पाठ होती. साड्या धरून खोली केवढी, छत किती उंच, हे त्यांनी आखलं. छत चौदा फुटांवर हवं, म्हणजे वर पोटमाळा निघतो आणि एका खोलीत दोन खोल्यांचं काम होतं. हे त्यांना शिकवावं लागलं नाही, कुणाही चाळकऱ्याला ते ठाऊक असतं. मग लाकूड आणि कापड वापरून खऱ्या मापाचं घर उभं केलं, आणि ते पाहायला वस्त्यावस्त्यांतून लोक आले. लोकसहभाग या शब्दाचा अर्थ विचारला तर मी हेच उदाहरण देईन.

सरकारी योजनेनं मात्र वेगळी वाट धरली. 1995 मध्ये शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं ते चाळीस लाख झोपडीवासीयांना मोफत घराचं आश्वासन देऊन. अफझुलपूरकर समितीनं आराखडा दिला, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आलं, आणि ‘झोपु’ हा शब्द वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत रुळला. गणित सोपं होतं: बिल्डरनं पात्र कुटुंबांना 225 चौरस फुटांचं घर फुकट द्यायचं, आणि बदल्यात विक्रीसाठी वाढीव बांधकाम करायचं. खर्च बिल्डरचा, त्यामुळे योजनाही तोच आणणार. वस्तीच्या हाती ठेवली एक किल्ली: सत्तर टक्के पात्र झोपडीधारकांची संमती.

किल्ली कुलपासाठी होती, पण बाजारात तिलाच भाव आला. सह्या गोळा करणारी माणसं तयार झाली, एकाच वस्तीत दोन बिल्डरांच्या दोन कमिट्या उभ्या राहिल्या, एकाच झोपडीची सही दोन्ही फायलींत सापडू लागली. ठरलेला टक्का गाठला की उरलेल्यांच्या झोपड्या कायद्यानं हटवता येत होत्या, म्हणून उशिरा सही देणाऱ्यावर शेजाऱ्यांचाच दबाव. त्यातच पात्रतेची तारीख, म्हणजे झोपडी जिच्या आधीची असायला हवी ती, सरकत राहिली, आधी 1 जानेवारी 1995, मग 1 जानेवारी 2000. 2018 च्या विकास नियंत्रण नियमावलीत सत्तरचे एकावन्न टक्के झाले. योजना रखडतात, असं कारण सांगितलं गेलं. ते खोटं नव्हतं. पण रखडायला सहीच तेवढी जबाबदार होती का, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही.

धारावीत तर टक्क्याचाही प्रश्न उरला नाही. 2004 मध्ये पुनर्विकासाचा आराखडा मंजूर झाला तेव्हा प्रकल्प सरकारी म्हणून संमतीची अट बाजूला ठेवली गेली. 2007 मध्ये जागतिक निविदांची जाहिरात आली आणि लोक रस्त्यावर उतरले. कुंभारवाड्यातल्या सौराष्ट्री कुंभारांचा आक्षेप समजायला तिथे एकदा चक्कर मारली तरी पुरे. पुढे चाक, मागे बिऱ्हाड, मधल्या मोकळ्या जागेत सामाईक भट्टी. भट्टीचा धूर सातव्या मजल्यावर कसा न्यायचा, हा त्यांचा साधा प्रश्न संमतीपत्र असतं तरी त्यावर मावला नसता. आंदोलनांनी काही मिळालं, ते चौरस फुटांत: 225 चे 300, पुढे 350. 2009 मध्ये सरकारनंच नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं, माजी मुख्य सचिव द. म. सुखटणकर यांच्या अध्यक्षतेखाली, या योजनेला जमीन बळकावण्याचा सुसंस्कृत प्रकार ठरवलं.

मत मांडायची दुसरी वाट आहे ती ‘हरकती व सूचना’ची. 1966 च्या नगररचना कायद्यानुसार जमिनीचं आरक्षण बदलायचं तर जाहीर सूचना काढून महिन्याची मुदत द्यावी लागते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टायपात, ‘नकाशे कार्यालयीन वेळेत पाहता येतील’ असं वाक्य असतं. रोजंदारीवर जाणाऱ्याला कार्यालयीन वेळ मिळायची कधी? तरी ही वाट अगदीच बंद नाही. फेब्रुवारी 2015 मध्ये मुंबईचा प्रारूप विकास आराखडा आला, साठ हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या, आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो नव्यानं करायला सांगितला.

2022 मध्ये धारावीसाठी अदानी समूहाची 5069 कोटींची बोली सर्वोच्च ठरली आणि 2024 मध्ये घरोघरी सर्वेक्षण सुरू झालं. अपात्र ठरणाऱ्यांना मुलुंड, देवनार अशा ठिकाणी भाड्याची घरं द्यायची आहेत. मुलुंडकरांनी त्याला जोरदार विरोध केला, आमच्याकडे पाणी नाही, रस्ते अपुरे आहेत म्हणाले. ज्यांना तिथे जायचं आहे त्यांना मुलुंड चालेल का, हे विचारणारा कागद मात्र अजून कुठल्याच फायलीत नाही.