पोळी तीच, शंकरपाळी लहान

इंदूरच्या राजवाड्यासमोर भाचा वैतागून उभा होता. “मामा, तुमची ही लेन्स झूम झालीय का?” लेन्स माझ्या फिल्मच्या काळातली, निकॉनची ५० मिमी. कॅमेरा त्याचा नवा, मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला. खालचे तीन दगडी मजले येत होते, वरचे लाकडी कापले जात होते.

लेन्सला काही झालेलं नव्हतं. ५० मिमी हे तिचं नाभीय अंतर, म्हणजे फोकल लेंथ. ते काचांनी ठरतं, कॅमेरा बदलला म्हणून बदलत नाही. बदलतं ते मागचं.

लेन्स आत गोल चित्र टाकते, लाटलेल्या पोळीसारखं. सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी बसून चित्र टिपणारा भाग, त्यातून चौकोनी शंकरपाळी कापतो. फिल्मची चौकट ३६ × २४ मिमी, भाच्याचा सेन्सर २३.५ × १५.७. पोळी तीच, शंकरपाळी लहान. मग दोन्ही फोटो मोबाइलवर एकाच आकारात पाहिले, की लहान तुकडा जास्त ताणला जातो आणि ‘झूम’ वाटतो. हिशेब सोपा आहे. ३० मीटरवरून कॅमेरा उभा धरला तर फिल्मवर ३६ भागिले ५० गुणिले ३०, म्हणजे २१.६ मीटर उंची मावते. भाच्याकडे जेमतेम १४.१. फिल्मची चौकट साधारण दीडपट, म्हणून दुकानदार म्हणतात, “५० ची ७५ होते.” होत नाही हो, ७५ च्या लेन्समधून दिसेल तितकंच दृश्य दिसतं, एवढंच!

(३६ × २४ हे मापही उसनंच. जर्मन अभियंता ऑस्कर बार्नाकने सिनेमाच्या फिल्मची १८ × २४ ची चौकट दुप्पट केली आणि १९२५ मध्ये त्याचा लायका कॅमेरा बाजारात आला.)

उलटं केलं तर पंचाईत. लहान सेन्सरसाठीच्या लेन्सची पोळीही लहान असते. त्या सेन्सरचा कर्ण सुमारे २८ मिमी, मोठ्याचा ४३. मोठ्या सेन्सरवर ती लावली की कोपरे काळे येतात.

जुनी लेन्स बसली कशी? निकॉनच्या जुन्या कॅमेऱ्यांत लेन्सच्या बैठकीपासून फिल्म ४६.५ मिमी दूर, नव्या मिररलेसमध्ये सेन्सर १६. मधले ३०.५ मिमी भरायला पोकळ अडॅप्टर पुरतो, त्यात काच नसते. नवी लेन्स जुन्या कॅमेऱ्यावर मात्र चालणार नाही. तिला कॅमेऱ्याच्या पोटात शिरावं लागेल.

“मग मी काय करू?”

“मागे हो. ३० चे ४५ मीटर.”

तो बागेतून मागे मागे गेला, तर मध्ये अहिल्याबाईंचा पुतळा आला. मला तोच फोटो जास्त आवडला.