कॅप्सूल तरंगते, म्हणून मान पुढे

तांब्या ओठांना न लावता, मान मागे टाकून वरून पाणी पिण्याची सवय आपल्याकडे अनेकांना लहानपणापासून असते. औषध घेतानाही हात आपोआप तसाच वर जातो. साध्या गोळीच्या बाबतीत हे बऱ्याचदा निभावून जाते. कॅप्सूलच्या बाबतीत मात्र ते नेमके उलटे पडते. रोज कॅप्सूल घ्यावी लागणारी कितीतरी माणसे दोन-तीनदा ठसका लागल्यावर ‘माझा घसाच बारीक आहे’ अशी समजूत करून घेतात. मग कॅप्सूल फोडून पूड घेणे, एक दिवस आड घेणे किंवा कुणाला न सांगता बंद करणे सुरू होते. नीट जेवणाऱ्या माणसात अडचण घशाच्या मापाची क्वचितच असते. जो घसा भाकरीचा घास सहज पुढे ढकलतो, त्याला कॅप्सूल जड नाही. घोटाळा होतो तो कॅप्सूल पाण्यावर तरंगते म्हणून.

कडक कवचाची कॅप्सूल म्हणजे एकात एक बसणारी दोन टोपणे. आत औषधाची पूड किंवा बारीक दाणे असतात, आणि त्यांच्यामध्ये बरीच हवा. कॅप्सूलच्या मापांना क्रमांक असतात आणि ते उलटे चालतात: क्रमांक जितका लहान, तितकी कॅप्सूल मोठी. शून्य क्रमांकाची साधारण 22 मिलिमीटर लांब आणि साडेसात मिलिमीटर जाड असते, तर तीन क्रमांकाची 16 मिलिमीटरच्या आसपास. गोळी यंत्रात दाबून घट्ट केलेली असते, म्हणून ती बुडते. कॅप्सूल आतल्या हवेमुळे बहुतेक वेळा वर राहते. तेल भरलेल्या मऊ कॅप्सूलचे तसे नक्की नसते. काही बुडतात, काही तरंगतात. आपली कुठल्या जातीची आहे हे मुदत संपलेली एखादी कॅप्सूल पेल्यात टाकली की लगेच दिसते.

आता मान मागे टाकल्यावर तोंडात काय होते ते पाहा. तोंडाची मागची बाजू खाली जाते आणि दातांची बाजू वर येते. पाणी उताराने घशाकडे धावते, आणि तरंगणारी कॅप्सूल वर, म्हणजे दातांकडे किंवा टाळूला जाऊन चिकटते. पाणी गिळले जाते, कॅप्सूल तोंडातच राहते. दुसरा घोट, तिसरा घोट, तोवर कवच ओले होऊन चिकट झालेले असते. शिवाय मान मागे ताणली की स्वरयंत्र वर उचलले जाण्याची क्रिया अडते. गिळताना स्वरयंत्र वर-पुढे सरकते, त्यावर झाकण पडते आणि सेकंदभर श्वास थांबतो. श्वासनलिकेचे रक्षण या हालचालींवरच असते. ती नीट झाली नाही की ठसका लागतो.

उपाय अगदी साधा आहे: मान पुढे. जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी 151 प्रौढांवर गिळण्याच्या दोन पद्धती तपासल्या आणि 2014 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कॅप्सूलसाठी मान पुढे झुकवण्याच्या पद्धतीने 88.6 टक्के वेळा गिळणे आधीपेक्षा सोपे झाले. कोणतेही नवे औषध वा उपकरण न वापरता मिळालेला हा फरक आहे. त्यामुळे दीर्घकाळ कॅप्सूल लिहून देताना प्रत्येक दवाखान्यात ही पद्धत एकदा करून दाखवायलाच हवी, असे आमचे मत आहे.

पद्धत अशी. खुर्चीवर ताठ बसा किंवा उभे राहा. आधी एक घोट पाणी पिऊन तोंड आणि घसा ओला करा. ही पायरी लोक हमखास गाळतात. कॅप्सूल जिभेच्या मध्यावर ठेवा. बोटाने मागे ढकलू नका, तेवढ्यानेच उबळ येते. मध्यम घोट तोंडात घ्या, साधारण चार चहाचे चमचे म्हणजे 20 मिली, पण गिळू नका. ओठ मिटा. आता हनुवटी छातीकडे झुकवा, मांडीवरचे पुस्तक वाचताना झुकते तितकी. या स्थितीत तोंडाची मागची बाजू वर येते आणि कॅप्सूल तरंगत आपणहून घशाच्या दाराशी पोहोचते. मान तशीच ठेवून एका दमात गिळा. मग मान सरळ करून उरलेले पाणी प्या.

फसते कुठे? पाणी फार कमी घेतले की कॅप्सूलला तरंगायला जागाच राहत नाही. गाल फुगेपर्यंत पाणी घेतले की एका दमात गिळता येत नाही, पाणी दोन भागांत जाते आणि कॅप्सूल मागे राहते. हनुवटी छातीला घट्ट दाबून धरली तर गिळणेच जड जाते. काही जण पाणी तोंडात घेऊन विचार करत बसतात. पाच-सहा सेकंदांत कवच बुळबुळीत होते आणि जीभ त्याला परकी वस्तू मानू लागते. दोन-तीन कॅप्सूल एकदम टाकण्याची घाईही नको. एक पूर्ण गेली की दुसरी.

बुडणाऱ्या गोळीसाठी त्याच संशोधकांनी तपासलेली दुसरी पद्धत आहे. दाबली जाणारी प्लॅस्टिकची बाटली पाण्याने भरायची, गोळी जिभेवर ठेवायची, बाटलीच्या तोंडावर ओठ घट्ट आवळायचे आणि हवा आत न जाऊ देता पाणी ओढून त्याच ओढीत गिळायचे. कॅप्सूलसाठी ही वापरू नका. ज्यांच्या औषधांत गोळ्या आणि कॅप्सूल दोन्ही आहेत, त्यांना दोन्ही पद्धती येणे उपयोगाचे.

तोंडातून गेली म्हणजे पोटात पोहोचली असे मात्र नाही. प्रौढांची अन्ननलिका सुमारे 25 सेंटिमीटर लांब असते. महाधमनीची कमान जिथे तिला बाजूने दाबते, साधारण छातीच्या वरच्या-मधल्या भागात, तिथे ती अरुंद होते. कॅप्सूल अडकण्याची ही ठरलेली जागा. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे असते. जिलेटिन गार पाण्यात विरघळत नाही, नुसते फुगून चिकट होते; शरीराच्या तापमानाला ते विरघळते. म्हणजे दोन घोट पाण्यावर उतरलेली कॅप्सूल अन्ननलिकेच्या भिंतीला चिकटली, तर तिथेच उघडते आणि सगळे औषध एका ठिपक्याएवढ्या जागेवर सांडते. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचे द्रावण चांगलेच आम्लधर्मी असते. लोह, पोटॅशियम आणि काही वेदनाशामक औषधेही अशीच भिंत पोळतात. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी छातीच्या हाडामागे दुखू लागते, साधे पाणी गिळतानाही कळ येते, आणि माणूस ‘ॲसिडिटी’ समजून पुन्हा एक कॅप्सूल घेतो.

मुंबईत पुराच्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंमुळे होणारा आजार टाळण्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन दिले जाते. थकून भिजून घरी आलेला माणूस ती कॅप्सूल घोटभर पाण्याने घेऊन लगेच आडवा होतो. अन्ननलिका पोळण्यासाठी याहून सोयीची परिस्थिती नाही, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि गिळणेही जवळपास थांबते. चेहऱ्यावरच्या पुरळासाठी हेच औषध कित्येक आठवडे चालते, त्यांनाही हा नियम लागू: रात्रीचे जेवण, मग कॅप्सूल, एकूण 150 ते 200 मिली पाणी, आणि पुढची 30 मिनिटे बसून किंवा उभे. घरातले फुलपात्र एकदा मापाच्या कपाने मोजून ठेवा. काहींत 120 मिलीच मावते. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांचे पाणी मोजून दिलेले असते, त्यांनी हे पाणी त्याच हिशेबात धरावे आणि किती चालेल ते डॉक्टरांना विचारावे. सूर्यास्तानंतर पाणी न घेण्याचे व्रत असेल, तर रात्रीची कॅप्सूल कोरडी गिळण्यापेक्षा तिची वेळ बदलता येईल का, हे आधी ठरवून घ्यावे.

आता सर्वांत धोक्याची पळवाट: कॅप्सूल फोडणे. काही कॅप्सूल फोडता येतात, काही मुळीच नाही, आणि बाहेरून त्यांत काहीच फरक दिसत नाही. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्यांना रक्त पातळ ठेवण्यासाठी डाबिगाट्रान दिले जाते. या कॅप्सूलमधले दाणे कवचाशिवाय घेतले, तर शरीरात पोहोचणारे औषध सुमारे 75 टक्क्यांनी वाढते. रक्त पातळ करणाऱ्या औषधात इतकी वाढ म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. इथे कवच हा औषधाच्या मापाचाच भाग आहे.

हायड्रॉक्सियुरियाचे कारण वेगळे. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांना हे औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागते, त्यांत लहान मुलेही असतात. मूल गिळत नाही म्हणून आई कॅप्सूल उघडून पूड पाण्यात कालवते. हे औषध पेशींच्या वाढीवर काम करते; त्याची पूड हाताला लागू नये, श्वासात जाऊ नये, आणि गर्भवतीने तर ती हाताळूच नये. कॅप्सूल हाताळण्याआधी आणि नंतर हात धुवायचे. मुलाला गिळता येत नसेल तर ते सिकलसेल केंद्रात उघडपणे सांगावे. पातळ रूप देता येईल का किंवा पूड सुरक्षितपणे कशी द्यायची, हे तिथूनच ठरले पाहिजे.

मुलाला गिळायला शिकवताही येते. सहा-सात वर्षांच्या शांत, ऐकणाऱ्या मुलाला डॉक्टरांना विचारून, मोठ्या माणसाने समोर बसून सराव द्यावा. सुरुवात भिजवून शिजवलेल्या साबुदाण्याच्या एका दाण्याने: जिभेवर ठेवायचा, घोट घ्यायचा, न चावता गिळायचा. चार-पाच वेळा सहज जमले की पाकातल्या रंगीत बडीशेपेचा एक दाणा, मग थोडे मोठे. एका बसणीला पाच-दहा मिनिटे पुरे. रडत असताना, खेळताना किंवा हसवत सराव नको, आणि खऱ्या औषधाला ‘चॉकलेट’ म्हणू नये. नंतर ते डबा शोधून खाते.

पोटातले आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्राझोलच्या साध्या कॅप्सूलची गोष्ट सोपी आहे, आणि ती फार मोठ्या संख्येने घेतली जाते. आत छोटे दाणे असतात. प्रत्येक दाण्यावर आम्लात न विरघळणारा थर असतो, कारण औषध पोटातल्या आम्लात टिकत नाही. कॅप्सूल उघडून हे दाणे सफरचंदाच्या गरात किंवा आंबटसर फळांच्या रसात मिसळून लगेच, फार तर 30 मिनिटांत घेता येतात. वर अर्धा पेला पाणी. दाणे चावायचे नाहीत, खलात कुटायचे तर नाहीतच. दूध किंवा खिरीत मिसळू नयेत: दुधाची आम्लता इतकी कमी असते की थर पोटात जाण्याआधीच सुटू लागतो. ओमेप्राझोलसोबत दुसरे औषध असलेल्या जोड-कॅप्सूलना हे सरसकट लागू पडत नाही. अख्ख्या कॅप्सूलसाठीही मऊ अन्नाचा चमचा कामी येतो, पण दह्याचा घास प्रत्येक औषधाला चालत नाही. त्यातले कॅल्शियम काही प्रतिजैविकांना बांधून ठेवते. तिथे केळ्याचा कुस्करा बरा.

स्ट्रिपवर औषधाच्या नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर, सीआर किंवा डीआर अशी अक्षरे असतील, तर ते औषध हळूहळू किंवा ठरावीक जागी सुटण्यासाठी बनवलेले असते. ते कुटले की दिवसभराचे औषध एकदम सुटू शकते. अक्षरे नाहीत म्हणजे फोडायला मोकळीक, असा अर्थ मात्र काढू नये. डाबिगाट्रानवर ती नसतात.

तोंड कोरडे पडत असेल तर आधी औषधांच्या यादीकडे पाहा. नैराश्यावर दिले जाणारे ॲमिट्रिप्टिलिन, सर्दी-खाजेवरची काही जुनी औषधे, लघवी वारंवार होण्यावरची काही औषधे लाळ कमी करतात. अशा माणसाने कॅप्सूलआधी एकाऐवजी दोन-तीन घोट घ्यावेत.

इथपर्यंतचे सगळे, ज्यांना जेवण नीट जाते आणि फक्त कॅप्सूल जात नाही, त्यांच्यासाठी. भात किंवा पोळी छातीत अडकत असेल, पाणी पिताना ठसका लागत असेल, पाण्यानंतर आवाज घोगरा आणि ओला येत असेल, वजन उतरत असेल, छातीत वारंवार कफ-ताप होत असेल, तर तो गिळण्याचाच आजार असू शकतो. पक्षाघात आणि पार्किन्सनमध्ये तो बऱ्याचदा दिसतो. अशा वेळी मान पुढे झुकवण्याचा प्रयोगही घरी करू नये. काही रुग्णांत त्याने ठसका वाढतो. कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा पोटविकारतज्ज्ञ दुर्बिणीने किंवा क्ष-किरणात दिसणारे बेरियमचे द्रावण पाजून तपासतात. गिळण्याचे व्यायाम आणि योग्य स्थिती शिकवण्याचे काम स्पीच थेरपिस्टचे असते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. आणि कॅप्सूल श्वासनलिकेत जाऊन माणसाला बोलता-खोकता येईनासे झाले, तर पाणी पाजू नका: पुढे वाकवून पाठीवर खांद्यांच्या दोन पात्यांच्या मधोमध तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच जोरदार थापा, मग मागून मिठी घालून पोटावर पाच दाब, आणि सोबत 108 ला फोन.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात आणखी एक त्रास वाढतो. जिलेटिनच्या कवचात मुळातच 13 ते 16 टक्के पाणी असते; दमट हवेत ते आणखी ओढून घेते, कवच मऊ पडते, एकमेकांना चिकटते, आणि जिभेवर ठेवताच लडबडते. आठवडाभराच्या कॅप्सूल काढून डबीत भरण्याची पद्धत जून ते सप्टेंबर बंद ठेवावी, आणि घेताना एकेकच स्ट्रिपमधून काढावी, कोरड्या हाताने. फ्रीजमध्येही ठेवू नयेत, पाकिटावर तसे छापले नसेल तर. चिकटलेली, वाकलेली किंवा तडकलेली कॅप्सूल गिळू नका. तिच्या स्ट्रिपसह मेडिकलमध्ये न्या आणि तिथेच विचारून घ्या, ‘हे औषध दुसऱ्या रूपात मिळते का? उघडून चालते का? दुधाबरोबर चालते का?’