क्यूबा १९५९ ते १९६२ : साखरेच्या कोट्यापासून अणुयुद्धाच्या उंबरठ्यापर्यंत

ऑक्टोबर १९६२ मधला क्यूबाचा पेचप्रसंग बहुतेक वेळा तेरा दिवसांची हकीकत म्हणून सांगितला जातो. १६ तारखेला सकाळी अध्यक्ष केनेडींना सोव्हिएत क्षेपणास्त्रांचे फोटो दाखवले गेले, २८ तारखेला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी ती परत नेण्याचे जाहीर केले आणि जगाने सुटकेचा निःश्वास टाकला. या हकिकतीत दोन महासत्ता ठळक दिसतात, क्यूबा मात्र नकाशावरचा ठिपका होऊन राहतो. माझ्या मते हे तेरा दिवस समजून घ्यायचे तर त्याआधीची पावणेचार वर्षे नीट बघावी लागतात. क्षेपणास्त्रे फार उशिरा आली. भांडण सुरू झाले होते जमीन, साखर आणि खनिज तेल यांवरून.

आधी अंतर लक्षात घेऊ. फ्लोरिडाच्या टोकावरचे की वेस्ट आणि क्यूबाचा किनारा यांत जेमतेम ९० मैल पाणी आहे, म्हणजे साधारण मुंबई ते पुणे. १८९८ च्या युद्धात स्पेनला हरवून अमेरिकेने बेटाचा ताबा घेतला. १९०२ मध्ये क्यूबा स्वतंत्र झाला, पण अमेरिकेला वाटेल तेव्हा हस्तक्षेप करता येईल अशी तरतूद, म्हणजे प्लॅट दुरुस्ती, त्याच्या राज्यघटनेत घालूनच. १९०३ मध्ये ग्वांतानामो उपसागराचा तळ भाडेपट्ट्याने अमेरिकेकडे गेला. १९३४ मध्ये प्लॅट दुरुस्ती रद्द झाली, तळ तसाच राहिला. सार्वभौम म्हणवणाऱ्या देशाच्या मनात अशा गोष्टी किती खोल सलतात, हे वॉशिंग्टनला कधीच उमगले नाही असे पुढच्या घटना वाचताना सतत जाणवते.

आर्थिक पकड तर याहून घट्ट होती. १९६० च्या निवडणूक प्रचारात खुद्द केनेडींनीच सांगितले होते की, १९५९ च्या आरंभी क्यूबातली सुमारे ४० टक्के उसाची जमीन, ९० टक्के खाणी आणि जवळजवळ सगळा तेल उद्योग अमेरिकी कंपन्यांच्या हातात होता. निर्यातीत साखरेचा वाटा सुमारे ८० टक्के. अमेरिकेने क्यूबाला साखरेचा कोटा ठरवून दिला होता आणि त्या कोट्यातली साखर जागतिक बाजारापेक्षा चढ्या भावाने उचलली जाई. आपल्याकडे पश्चिम महाराष्ट्रात साखरेच्या दराभोवती राजकारण कसे फिरते हे आपण पाहत आलो आहोत. क्यूबात सबंध देशच गळीत हंगामावर जगत होता. हंगाम संपला की ऊसतोड कामगार वर्षाचा उरलेला मोठा काळ बेकार. कोटा किती असावा, हे मात्र अमेरिकेत ठरायचे.

१ जानेवारी १९५९ च्या पहाटे हुकूमशहा बातिस्ता देश सोडून पळाला आणि ८ जानेवारीला बंडखोरांचे नेते फिडेल कॅस्ट्रो राजधानी हवानात दाखल झाले. ही क्रांती त्या घडीला कम्युनिस्ट नव्हती. क्यूबात कम्युनिस्ट पक्ष होता, पण कॅस्ट्रोंची ‘२६ जुलै चळवळ’ त्याच्यापासून वेगळी होती. १९५३ मध्ये कॅस्ट्रोंनी मोंकादा बराकीवर हल्ला केला तेव्हा याच पक्षाने त्याची साहसवाद म्हणून निर्भर्त्सना केली होती. फिडेल यांचे भाऊ राउल कॅस्ट्रो आणि सहकारी चे गव्हेरा मार्क्सवादाकडे झुकलेले होते हे खरे, पण मॉस्कोचा हवानात तेव्हा दूतावासही नव्हता, कारण १९५२ मध्ये बातिस्ताच्या बंडानंतर राजनैतिक संबंध तुटले होते. उलट अमेरिकेने नव्या सरकारला पहिल्याच आठवड्यात मान्यता दिली. एप्रिल १९५९ मध्ये कॅस्ट्रो अमेरिकेला गेले. अध्यक्ष आयसेनहॉवर त्या दिवसांत गोल्फ खेळायला जॉर्जियात होते, म्हणून पाहुण्यांना भेटले उपाध्यक्ष निक्सन. जूनअखेरीस चे गव्हेरा दिल्लीत येऊन नेहरूंना भेटले. क्यूबाला नव्या बाजारपेठा हव्या होत्या आणि त्या अलिप्त देशांतही शोधणे चालू होते.

ठिणगी पडली ती जमीन सुधारणा कायद्याने. १७ मे १९५९ च्या या कायद्याने जमीनधारणेवर साधारण हजार एकरांची मर्यादा घातली, ऊस आणि भातासाठी काही ठिकाणी त्याहून जास्त. आपल्याकडच्या कमाल जमीनधारणा कायद्यांशी तुलना केली तर ही मर्यादा मुळीच कडक नव्हती. पण भरपाईचे कलम अमेरिकी कंपन्यांना झोंबले. पैसे रोख मिळणार नव्हते, वीस वर्षांच्या रोख्यांत मिळणार होते, आणि जमिनीची किंमत धरली जाणार होती मालकांनी करासाठी सरकारदरबारी दाखवलेली. वर्षानुवर्षे कर वाचवायला कमी दाखवलेली ही किंमत आता भरपाईच्या हिशेबाला आली. कंपन्यांनी वॉशिंग्टनकडे धाव घेतली आणि वॉशिंग्टनने ‘तत्पर, पुरेशी आणि प्रत्यक्ष हाती पडणारी’ भरपाई मागितली. इथपर्यंत हा मालमत्तेचा वाद होता. असे वाद अमेरिकेने इतर देशांशीही घातले आणि मिटवले होते.

मग मॉस्को आत आले. फेब्रुवारी १९६० मध्ये सोव्हिएत उपपंतप्रधान अनास्तास मिकोयान हवानात आले आणि करार झाला : पाच वर्षांत सुमारे ५० लाख टन साखरेची खरेदी आणि १० कोटी डॉलरचे कर्ज. साखरेच्या बदल्यात काही प्रमाणात खनिज तेल येणार होते. पुढच्याच महिन्यात, १७ मार्चला, आयसेनहॉवर यांनी कॅस्ट्रोंना सत्तेवरून काढण्याच्या सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संघटनेच्या गुप्त योजनेला मंजुरी दिली. क्षेपणास्त्राचा विचारही तेव्हा कोणाच्या मनात नव्हता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

१९६० च्या उन्हाळ्यात घटना एकीमागून एक कशा घडल्या ते जवळून पाहण्यासारखे आहे. सोव्हिएत कच्चे तेल आले. ते शुद्ध करायला टेक्साको, एस्सो आणि शेल या कंपन्यांनी नकार दिला. वॉशिंग्टनचाही तसाच आग्रह होता. क्यूबाने रिफायनऱ्या ताब्यात घेतल्या. ६ जुलैला आयसेनहॉवर यांनी त्या वर्षाच्या कोट्यातली उरलेली ७ लाख टन साखर नाकारली. लगेच मॉस्कोने तेवढी साखर आपण घेऊ असे कळवले, आणि ९ जुलैला ख्रुश्चेव्ह बोलून गेले की, ‘लाक्षणिक अर्थाने’ सोव्हिएत तोफखाना रॉकेटांनी क्यूबाला आधार देऊ शकेल. ऑगस्टपासून अमेरिकी साखर कारखाने, वीज आणि टेलिफोन कंपन्या यांचे राष्ट्रीयीकरण सुरू झाले. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने निर्यातबंदी लादली. ३ जानेवारी १९६१ ला राजनैतिक संबंध तुटले.

यातले प्रत्येक पाऊल उचलणाऱ्याला ते आधीच्या पावलाचे उत्तर वाटत होते. पण जवळच्या बेटावरचा वाद असल्यामुळे अमेरिकेला तो व्यापाराचा वाद म्हणून बघताच येईना, आणि इतक्या जवळ पाय रोवायची संधी आपसूक चालून आल्यावर मॉस्कोलाही ती सोडवेना. क्यूबाने मदतीचा हात कोणाचा धरायचा हा पर्याय महिन्यागणिक आक्रसत गेला.

एप्रिल १९६१ मध्ये तो संपलाच. १५ तारखेला सीआयएने पाठवलेल्या, क्यूबाच्या हवाई दलाचे रंग दिलेल्या बी-२६ विमानांनी क्यूबाच्या विमानतळांवर बॉम्ब टाकले. दुसऱ्या दिवशी त्यात मेलेल्यांच्या अंत्ययात्रेत बोलताना कॅस्ट्रोंनी आपल्या क्रांतीला पहिल्यांदा जाहीरपणे समाजवादी म्हटले. १७ तारखेला सीआयएने शिकवून तयार केलेले सुमारे १,४०० निर्वासित क्यूबन पिग्ज उपसागरात उतरले. तीन दिवसांत त्यांचा धुव्वा उडाला आणि ११०० हून अधिक जण कैद झाले. डिसेंबरमध्ये कॅस्ट्रोंनी स्वतःला मार्क्सवादी-लेनिनवादी घोषित केले. केनेडींनी फेब्रुवारी १९६२ मध्ये व्यापारबंदी जवळजवळ संपूर्ण केली. घातपातासाठी ‘मुंगूस’ नावाची गुप्त मोहीम आधीच सुरू होती, आणि पुढचा हल्ला अमेरिकी फौजांचाच असणार याची हवानाला खात्री होती.

ख्रुश्चेव्ह यांच्या मनात याच वेळी दुसरा हिशेब होता. लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांत अमेरिका बरीच पुढे होती. शिवाय सोव्हिएत संघाच्या शेजारी तुर्कस्तानात अमेरिकेची १५ ज्युपिटर क्षेपणास्त्रे उभी होती. मे १९६२ मध्ये बल्गेरियाच्या दौऱ्यात काळ्या समुद्राच्या काठी त्यांनी ही कल्पना मनाशी पक्की केली असे ते स्वतःच पुढे सांगत. क्यूबात मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे ठेवली तर मित्राचे रक्षणही होते आणि फरकही भरून निघतो. मोहिमेला नाव दिले ‘अनादिर’, हे सैबेरियाच्या पार टोकावरच्या एका नदीचे नाव. फसवणूक पक्की व्हावी म्हणून उष्ण कटिबंधात निघालेल्या जहाजांवर बर्फावर घसरण्याच्या पट्ट्या (स्की), लोकरी अस्तराचे कोट आणि नमद्याचे बूट चढवण्यात आले. सैनिकांना दिवसभर जहाजाच्या पोटात कोंडून प्रवास करावा लागला. शेवटी सुमारे ४२,००० सोव्हिएत सैनिक बेटावर पोहोचले. अमेरिकेचा अंदाज होता साधारण १०,००० चा.

१४ ऑक्टोबरला अमेरिकेच्या यू-२ या टेहळणी विमानाने सॅन क्रिस्तोबालजवळ काढलेल्या फोटोंत बिंग फुटले. त्यानंतरचा क्रम अनेकांना ठाऊक आहे : २२ तारखेचे केनेडींचे भाषण, २४ पासून सागरी नाकेबंदी, सुरक्षा परिषदेतली खडाजंगी. मला थांबावेसे वाटते ते २७ तारखेवर. त्या शनिवारी क्यूबावर यू-२ विमान पाडले गेले आणि त्याचे वैमानिक मेजर रुडॉल्फ अँडरसन मारले गेले. त्याच दिवशी समुद्रात बी-५९ या सोव्हिएत पाणबुडीला वर आणण्यासाठी अमेरिकी युद्धनौका छोटे सुरुंग टाकत होत्या. त्या पाणबुडीवर अण्वस्त्र असलेला टॉर्पेडो होता आणि त्याची अमेरिकनांना कल्पना नव्हती. आत उष्णतेने जीव घाबरे झालेले, मॉस्कोशी संपर्क तुटलेला, कप्तान डागायच्या बेतात. पाणबुड्यांच्या ताफ्याचे चीफ ऑफ स्टाफ वसिली अर्खिपोव्ह यांनी त्याला आवरले. बेटावर कमी पल्ल्याची अण्वस्त्रेही मोठ्या संख्येने आणून ठेवली होती हे अमेरिकी मुत्सद्द्यांना १९९२ च्या हवाना परिषदेत कळले. अमेरिकी सेनापती त्या आठवड्यात स्वारीचा आग्रह धरत होते. स्वारी झाली असती तर किनाऱ्यावर उतरणाऱ्या फौजेचे काय झाले असते, याचा विचार आजही अंगावर काटा आणतो.

त्याच संध्याकाळी अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत दोब्रीनिन यांना भेटले. क्यूबावर स्वारी न करण्याचे वचन उघड, तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रे काढण्याचे वचन गुप्त. दुसऱ्या दिवशी मॉस्को रेडिओवरून माघार जाहीर झाली आणि कॅस्ट्रोंना ती बातमीतूनच कळली. ज्यांच्या भूमीवरून हे सगळे चालले होते त्यांना कोणी विचारलेदेखील नाही.

या घटनेचे भारताशी असलेले नाते आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. चीनने लडाख आणि नेफामध्ये (आजचा अरुणाचल प्रदेश) हल्ला केला तो २० ऑक्टोबर १९६२ ला, केनेडींच्या भाषणाच्या दोन दिवस आधी. दोन्ही महासत्तांचे लक्ष कॅरिबियनमध्ये गुंतलेले. दिल्लीतले अमेरिकी राजदूत गॅलब्रेथ यांना वॉशिंग्टनकडून त्या दिवसांत फारशा सूचनाच मिळत नव्हत्या. ख्रुश्चेव्ह यांना क्यूबाच्या प्रश्नावर चीन पाठीशी हवा होता. २५ ऑक्टोबरच्या ‘प्रावदा’ने, म्हणजे सोव्हिएत पक्षाच्या मुखपत्राने, भारत मानत असलेल्या मॅकमहोन सीमारेषेला नावे ठेवली आणि भारताने चीनच्या अटींवर बोलणी करावीत असा सूर लावला. मैत्रीचा भरवसा धरलेल्या नेहरूंना तो मोठा धक्का होता. क्यूबातून माघार घेतल्यावर बीजिंगने ख्रुश्चेव्ह यांच्यावर शरणागतीचा आरोप केला, तेव्हा नोव्हेंबरमध्ये मॉस्कोचा सूर पुन्हा तटस्थतेकडे वळला. क्यूबाची नाकेबंदी २० नोव्हेंबरला उठली, चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली ती २१ ला, आणि त्याच सुमारास यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून दिल्लीत संरक्षणमंत्री झाले. हवानातली वाटाघाटही भारतीयांपासून अगदी दूर नव्हती. संयुक्त राष्ट्रांचे कार्यवाहक सरचिटणीस ऊ थांट ३० ऑक्टोबरला कॅस्ट्रोंना भेटायला गेले तेव्हा त्यांचे लष्करी सल्लागार, भारतीय सेनाधिकारी इंदरजित रिखी त्यांच्याबरोबर होते.

महासत्तांनी आपला धडा घेतला. एप्रिल १९६३ मध्ये तुर्कस्तानातली ज्युपिटर क्षेपणास्त्रे उतरवण्यात आली, जूनमध्ये वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात थेट संपर्काची ‘हॉटलाइन’ ठरली, ऑगस्टमध्ये अणुचाचण्यांवर मर्यादा घालणारा करार झाला. २८ ऑक्टोबरला रागाने धुमसत कॅस्ट्रोंनीही पाच मागण्या जाहीर केल्या होत्या : व्यापारबंदी उठवा, घातपात थांबवा, किनाऱ्यावरचे छुपे हल्ले थांबवा, आमच्या हवाई हद्दीत घुसू नका आणि ग्वांतानामो सोडा. २०१५ मध्ये दोन्ही देशांचे दूतावास पुन्हा उघडले. व्यापारबंदी आणि ग्वांतानामोचा तळ अजून आहेत.